आजारी माणसाचे मन आणि नवा कर्मविपाक

आजारी माणसाला उपदेश करायला आपल्याकडे पदवी लागत नाही. क्षय असो, कर्करोग असो, भेटायला येणारा प्रत्येक जण दोन केळी आणि एक वाक्य घेऊन येतो : "मन खंबीर ठेवा, सगळं चांगलं होईल." केळी संपतात, वाक्य खाटेजवळ राहते. अलीकडे या वाक्याला शास्त्राचा पोशाख चढला आहे. विचार सकारात्मक ठेवले की शरीर आपोआप बरे होते, असे सांगणारी पुस्तके बसस्थानकावरच्या गाड्यावर मिळतात, व्याख्याने महाविद्यालयांतून होतात, आणि मोबाइलवर तर सूर्योदयाच्या चित्रासह हा उपदेश रोज सकाळी घरपोच येतो.

मी हरसूलला शिकवतो. त्र्यंबकेश्वर तालुक्यातले, गुजरातच्या सीमेजवळचे हे बाजाराचे गाव. भोवती कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांचे पाडे. आमच्याकडे एकदा असेच व्याख्यान झाले. बाहेरून आलेल्या वक्त्याने तासभर पटवून दिले की बहुतेक आजार मनातून येतात आणि मनानेच जातात. टाळ्या झाल्या. प्रश्न कोणी विचारला नाही. नंतर व्हरांड्यात प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी थांबली होती. ती म्हणाली, "सर, मला सिकलसेल आहे. मग माझे हातपाय दुखतात ते मी वाईट विचार करते म्हणून का?" तिला उत्तर मी तिथेच दिले. परंतु हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. कार्यकर्ते, विद्यार्थी, शिक्षक यांना तो रोज कुठे ना कुठे भेटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी सिकलसेलविषयी. आपल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. या आजारात त्यांतल्या हिमोग्लोबिनची घडण एका जागी बदललेली असते. प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि पुढे रक्त न पोचलेला भाग असह्य दुखू लागतो. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून अंगात रक्त टिकत नाही. आई व बाप दोघेही वाहक असतील तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. नुसत्या वाहकाला सहसा त्रास होत नाही. उलट हिवतापाच्या जीवघेण्या स्वरूपापासून त्याला थोडे संरक्षण मिळते, आणि म्हणूनच हिवतापाच्या मुलखात हा दोष पिढ्यानपिढ्या टिकून राहिला. भारतात तो प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला. महाराष्ट्रात तो नंदुरबार-नाशिकपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासींत आहे, तसाच विदर्भातल्या पूर्वाश्रमीच्या महार समाजातही आहे. या नियतकालिकाच्या वाचकांना तो परका नाही.

या साऱ्या साखळीत त्या मुलीचा 'विचार' कुठे बसतो? थंडी, पाणी कमी पिणे, अतिश्रम, ताप यांनी दुखण्याचा झटका येतो. काहींना मनावरचा ताणही निमित्त होतो, हेही खरे. पण निमित्त वेगळे आणि कारण वेगळे. पहाटे थंडीत पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन चढण चढणाऱ्या मुलीला झटका आला तर तिचे विचार तपासण्याआधी नळ तपासावा. तिला उपयोगी पडणाऱ्या गोष्टी साध्या आहेत : वेळेवर रक्ततपासणी, भरपूर पाणी, ऊब, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया, ज्याने झटक्यांची संख्या कमी होते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले. त्याची फळे पाड्यापर्यंत किती पोचतात हे पाहणे आपले काम आहे.

आता सकारात्मक विचाराच्या मूळ दाव्याकडे येऊ. त्याची आजची लोकप्रिय मांडणी अमेरिकेतून आली. १९५२ साली नॉर्मन व्हिन्सेंट पील या न्यूयॉर्कच्या धर्मोपदेशकाने सकारात्मक विचारांच्या सामर्थ्यावर पुस्तक लिहिले, ते लाखांनी खपले. २००६ मध्ये आलेल्या 'द सीक्रेट'ने त्याही पुढे जाऊन सांगितले की मनात जे धराल तेच विश्व तुमच्याकडे पाठवते. हा धर्मोपदेशच होता. पण मध्यंतरी त्याला वैद्यकाचाही आधार मिळाल्यासारखे वाटले. १९७९ साली लंडनमध्ये स्टीव्हन ग्रीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या काही मोजक्या रुग्ण स्त्रियांची पाहणी करून मांडले की 'झुंजार वृत्ती'च्या स्त्रियांचा आजार कमी उलटतो. हा निष्कर्ष जगभर गेला. पुढे १९९९ मध्ये मॅगी वॉटसन यांच्या गटाने, ज्यात ग्रीअर स्वतः होते, ५७८ स्त्रियांचा किमान पाच वर्षे मागोवा घेतला. झुंजार वृत्तीचा आणि जगण्याचा संबंध आढळला नाही. २००७ मध्ये जेम्स कॉइन यांनी डोके व मान यांच्या कर्करोगाच्या १०९३ रुग्णांची माहिती तपासली. त्यांपैकी ६४६ जण वारले होते. मन प्रसन्न असणारे अधिक जगले आणि खिन्न असणारे लवकर गेले, असे काही दिसले नाही.

मग हा समज इतका पक्का का? कारण उघड आहे. वाचलेला माणूस व्यासपीठावर येतो आणि सांगतो, मी हार मानली नाही म्हणून वाचलो. तो खोटे बोलत नसतो. परंतु ज्याने तितकीच हार मानली नाही आणि तरीही जो गेला, त्याचे व्याख्यान कोणी ठेवत नाही.

येथे थांबून मनाचा आजाराशी काहीच संबंध नाही असे म्हटले, तर तेही अशास्त्रीय होईल. वॉटसन यांच्याच पाहणीत तीव्र हताशेने ग्रासलेल्या स्त्रियांत आजार उलटण्याचे प्रमाण काहीसे अधिक दिसले. २००१ मध्ये कॅनडात पामेला गुडविन यांनी पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या २३५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी काही जणी नियमित आधारगटात बसत, बोलत, रडत. आयुष्य वाढले नाही, पण मनाचा जाच आणि वेदना कमी झाल्या. वेदनेवर मनाचा अंमल चालतो, गाठीवर चालत नाही, असे ढोबळमानाने म्हणता येईल. दुसरी गोष्ट गोळ्यांची. अनेक अभ्यास एकत्र तपासून २००० साली असे दाखवले गेले की खिन्नतेच्या आजाराने ग्रासलेला रुग्ण उपचार मध्येच सोडण्याची शक्यता इतरांच्या तिप्पट असते. मन मोडलेला माणूस सहा महिने गोळ्या घेत नाही, यात गूढ काही नाही. पण त्या खिन्नतेवरही उपचार आहेत. "चांगला विचार कर" हा तिच्यावरचा उपचार नव्हे. ताप आलेल्याला "थंड हो" म्हणण्यासारखे ते आहे.

या बाबतीत क्षयरोगाचा इतिहास फार बोलका आहे, आणि आपल्या माणसांच्या दृष्टीने तर कर्करोगाहूनही जवळचा. औषध नव्हते त्या काळात क्षयाचा उपाय म्हणजे आरोग्यधाम : मोकळी हवा, दूध-अंडी, विश्रांती आणि प्रसन्न मन. पाचगणीला १९१२ पासून असे आरोग्यधाम होते. गरिबाला यातले काहीच परवडणारे नव्हते. त्याच्या वाट्याला उपदेशातले 'प्रसन्न मन' तेवढे फुकट येई. औषधे निघाल्यावर १९५६ मध्ये मद्रास शहरात एक प्रयोग सुरू झाला. झोपडपट्टीतल्या क्षयरुग्णांचे दोन गट केले. एकाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला त्याच्याच कोंदट खोपटात, त्याच्याच अपुऱ्या जेवणावर, त्याच्याच कटकटींत. औषध दोघांना सारखे. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : वर्षाअखेर दोन्ही गटांत बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे होते. हवा, निवांतपणा, उल्हसित वातावरण हे सारे नसतानाही झोपडीतला रुग्ण बरा झाला, कारण गोळी त्याच्या दारापर्यंत आली. घरी औषध देण्याच्या जगभरच्या पद्धतीला या प्रयोगाने मोठा आधार दिला. मला हा प्रयोग आपल्या सामाजिक इतिहासाचाही भाग वाटतो. गरिबाचे घर आणि गरिबाचे मन बरे व्हायला नालायक आहे, हा समज त्याने मोडला.

परंतु गोळी म्हणजे सर्वस्व, असाही याचा अर्थ नाही. क्षयाचा जंतू पुष्कळांच्या अंगात असतो; तो उठतो उपाशी शरीरात. डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडात २८०० क्षयरुग्णांच्या घरांत केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या घरांतल्या इतर माणसांनाही दरमहा तांदूळ, तूरडाळ आणि जीवनसत्त्वे दिली, त्या घरांत नवा क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. फुफ्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचे ४८ टक्क्यांनी. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णाचे वजन पाच टक्के वाढले, त्याचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. आमच्या भागातला माणूस पावसाळ्यात भात-नागली करतो आणि दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर नाही तर नाशिकच्या बांधकामांवर जातो. गोळ्यांची नोंद एका गावी, माणूस दुसऱ्या गावी. डोस चुकतात ते इथे. सरकार उपचाराच्या काळात पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये बँक खात्यात देते. खाते बंद, आधार जुळत नाही, बँकेत जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. ज्याच्या डाळीचा प्रश्न सुटलेला नाही त्याच्या विचारांची चौकशी करणे हा मला शुद्ध उद्धटपणा वाटतो.

आणि इथेच हा प्रश्न आपल्या परिचयाच्या वाटेवर येतो. आमच्या तालुक्याच्या गावी, त्र्यंबकेश्वरला, नारायण नागबळी आणि कालसर्पाच्या शांतीसाठी देशभरातून माणसे येतात. त्यांत आजाराने गांजलेली पुष्कळ. तिथे सांगितले जाते : दोष पूर्वजांचा किंवा मागल्या जन्माचा. पाड्यावरचा भगत वेगळे सांगतो : कोणी तरी करणी केली. तो निदान रात्रभर रुग्णाच्या शेजारी बसतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच्या निदानाचे बोट फिरत फिरत एखाद्या एकट्या बाईवर थांबते, ती डाकीण ठरते, आणि तिचे जे हाल होतात त्यांसाठी महाराष्ट्राला २०१३ मध्ये कायदा करावा लागला. सकारात्मकतेचा वक्ता कोट घालून येतो आणि तिसरे कारण सांगतो : दोष तुझ्या विचारांचा. मागला जन्म, शेजारीण आणि स्वतःचे मन, अशी तीन कारणे झाली. आणि या तिन्हींत दवाखान्यात नसलेल्या डॉक्टरचे नाव नाही, रेशनचे नाही, मजुरीचे नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्माच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला, तो केवळ तत्त्वज्ञानाच्या वादासाठी नाही. गरीब आणि खालच्या मानलेल्या माणसांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला व राज्यसंस्थेला झटकून टाकता यावी, याखेरीज या सिद्धान्ताचा दुसरा हेतू दिसत नाही, असे त्यांनी तिथे बजावले आहे. ही कसोटी सकारात्मक विचाराच्या प्रचाराला लावून पाहावी. फरक एवढाच पडतो की पूर्वजन्माचा हिशेब निदान आठवत नसे. आता आजारी माणसाला कालच्या रात्री मनात आलेल्या भीतीचाही हिशेब द्यावा लागतो.

या प्रचाराची हानी कशी होते ते मी घरात पाहिले आहे. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या बौद्धवस्तीत मी पहिला पदवीधर. माझी थोरली आत्या तिथे विड्या वळायची. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला. भेटायला येणाऱ्यांनी तिला एकच घोकून घेतले : रडलीस की आजार बळावतो, हसत राहा. आत्या आज्ञाधारक. तिने रडणे थांबवले, आणि त्याबरोबर दुखते हे सांगणेही थांबवले. डॉक्टर फेरीला येऊन विचारत, "कसं वाटतंय?" ती पदर तोंडाशी धरून म्हणायची, "बरं हाये." कागदावर तेच उतरायचे. रात्री ती खाटेची पाटी दोन्ही हातांनी धरून पडायची. कर्करोगाच्या वेदनेवर मॉर्फिनसारखी स्वस्त औषधे आहेत. ती मिळणे सुकर व्हावे म्हणून मादक द्रव्यांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्तीही झाली. पण जी वेदना सांगितलीच जात नाही तिच्यावर औषध कोण लिहून देणार? वॉर्डातल्या सगळ्या बायका तिचे कौतुक करत, की किती सोसते, तोंडातून शब्द काढत नाही. तक्रार न करणे हा आमच्या बायकांना पिढ्यानपिढ्या शिकवलेला धडा आहे. मालकापुढे करायची नाही, घरी करायची नाही, दवाखान्यात तर डॉक्टर रागावतील म्हणून मुळीच नाही. सकारात्मकतेने त्या जुन्या मौनाला नवे, चकचकीत नाव दिले.

बौद्ध परंपरा याविषयी काय म्हणते, असे मला विद्यार्थी विचारतात; कारण शरीर आजारी असले तरी मन आजारी होऊ देऊ नये असे बुद्धाने वृद्ध नकुलपित्याला सांगितले होते, हे त्यांनी ऐकलेले असते. खरे आहे. पण त्या उपदेशाची सुरुवात शरीर आजारी आहे हे सरळ मान्य करण्यापासून होते. विनयपिटकात तर याहून स्पष्ट मजकूर आहे. अतिसाराने मळात पडलेल्या एका भिक्षूला बुद्धाने आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, खाटेवर निजवले, आणि मग संघाला जमवून विचारले की याच्याजवळ कोणी का नव्हते. त्याला विचार बदलायला सांगितले नाही. तिथेच पुढे चांगल्या रुग्णाची लक्षणे दिली आहेत : तो औषध घेतो, पथ्य पाळतो, आणि दुखणे वाढले असेल तर वाढले, कमी असेल तर कमी, तसेच असेल तर तसेच, असे शुश्रूषा करणाऱ्याला जसेच्या तसे सांगतो. खरे सांगणे हा रुग्णाचा गुण मानला आहे. आत्याकडून नेमका तोच काढून घेतला गेला.

जोतीरावांचे उदाहरण नेहमी 'इच्छाशक्ती'च्या खात्यावर मांडले जाते. १८८८ मध्ये पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू लुळी पडली, आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांनी डाव्या हाताने लिहून काढले. इच्छाशक्ती होतीच. पण उजवा हात बरा होईल असे घोकत ते बसले नाहीत. तो गेला हे धरून डाव्याला लिहायला लावले. डॉ. विश्राम रामजी घोले यांचे उपचार होते, सावित्रीबाई होत्या. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले, पुस्तक १८९१ मध्ये निघाले. बाबासाहेबांना मधुमेह होता, रक्तदाब होता, पायांच्या वेदनांनी झोप लागत नसे. नानकचंद रत्तू यांनी आठवणींत नोंदवले आहे की अखेरच्या काळात हाती घेतलेले ग्रंथ आणि समाजाचे काम अपुरे राहणार या विचाराने बाबासाहेब रडत. त्याच १९५६ साली १४ ऑक्टोबरला त्यांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली आणि नोव्हेंबरमध्ये ते काठमांडूच्या परिषदेला गेले. अश्रू आणि हे काम एकाच माणसाचे, एकाच वर्षातले. त्यांच्यात सकारात्मकता कमी पडली म्हणून ६ डिसेंबर उजाडला, असे म्हणण्याचे धाडस कोणता व्याख्याता करील?

आशा मला नको आहे, असा कोणी याचा अर्थ करू नये. आशेशिवाय आमची पिढी शाळेपर्यंतही पोचली नसती. पण आशा सांगून येत नाही. दुसऱ्या महिन्यात वजनकाट्यावर दोन किलो वाढलेले दिसले की क्षयरुग्णाच्या तोंडावर ती आपोआप येते, हे राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांबरोबर पाड्यांवर फिरताना मी पाहिले आहे. त्या मुलांना मी भेटीला जाताना एक कागद देतो. त्यावर उपदेशाचे वाक्य नाही, प्रश्न आहेत. गोळ्या किती दिवसांच्या उरल्या? मागच्या वेळचे वजन किती? काल रात्री घरात काय शिजले? पोषणाचे पैसे खात्यात आले का? दुखते का, कुठे, झोप लागते का? घरातल्या इतरांची तपासणी झाली का? स्थलांतराला निघायचे असेल तर तिकडच्या आरोग्य केंद्रात नाव कळवले का? बाई रडू लागली तर गप्प बसावे, उठून जाऊ नये, आणि ती जे सांगेल ते डॉक्टरांसाठी तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. नाशिकला न्यायचे ठरले तर बरोबर कोण जाणार आणि त्याची बुडणारी मजुरी कशी भरून काढायची, हे गाडीत बसण्यापूर्वी ठरवावे.